खिडकी क्रमांक तीन बंद आहे

"तुम्ही इथे लायसन्ससाठी येता, की आमच्या ताईसाठी?"

पैज मैत्रिणींची होती, तोंड माझं. शाळा सुटली की आम्ही तिघी ताईच्या ऑफिसात जाऊन बसायचो, कारण तिथे एसी होता आणि घरी आई होती. विमानं उडवणाऱ्यांची आणि दुरुस्त करणाऱ्यांची सरकारी लायसन्सं तिथे मिळतात. ताई खिडकी क्रमांक तीनमध्ये बसायची. काचेला बोलायचं भोक इतकं खाली की आतलं आणि बाहेरचं, दोन्ही डोकी वाकवावी लागायची. वाकली की... जवळ यायची.

मी प्रश्न विचारला तो विमानं दुरुस्त करणाऱ्या एका इंजिनिअरला. त्याच्या खिशातून कायम पाना डोकावायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव 'पाना' ठेवलं होतं. लायसन्सचं नूतनीकरण म्हणजे एका खेपेचं काम, पण पानासाहेबांचं काही संपेना. एकदा फोटो चष्मा घालून काढलेला, एकदा सही पेन्सिलीने, एकदा तर प्रमाणपत्र धाकट्या भावाचं. इंजिनाचा एक स्क्रू सैल असला तरी ज्याला झोप येत नाही, तो माणूस इतका वेंधळा? आमच्या काही ते पचेना.

"लायसन्ससाठी," तो म्हणाला. कान मात्र लालभडक.

ताई प्रत्येक वेळी कागद परत सरकवायची आणि बजावायची, की आता पुढच्या वेळी नीट आणा हं. ते 'हं' फक्त त्याच्या वाट्याला. बाकीच्यांना नुसतं 'नीट आणा'.

आता गंमत अशी, की त्याच दिवसांत साहेबांनी ताईला एक मोठं काम दिलं होतं. सगळे नियम संगणकाला शिकवायचे, म्हणजे लोकांनी घरबसल्या अर्ज भरायचा, छाननी यंत्राने करायची आणि शेवटचा होकार तेवढा ताईने द्यायचा. खेपा बंद, खिडकीही बंद. ताई हुशार. जीव ओतून शिकवलं तिने त्याला. आपण कोणत्या फांदीवर बसून कुऱ्हाड चालवतोय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा सोमवार उजाडला होता आणि काचेवर पाटी लागली होती.

पहिलाच अर्ज आला तो पानासाहेबांचा. साहेब मागे उभे, अख्खं ऑफिस टाळ्या वाजवायला तयार. पडद्यावर एकूण एक रकान्यापुढे हिरवी खूण. फोटो बिनचष्म्याचा, सही शाईची, प्रमाणपत्र स्वतःचं. ताईने फक्त एक बटण दाबायचं होतं.

ताईने ते दाबलंच नाही.

साहेबांना वाटलं, संगणक अडकला. त्यांनी मेकॅनिकला बोलावलं, त्याने चार वायरी उपटल्या आणि पाच लावल्या. शाळा सुटून आम्ही पोचलो तरी ताई आपली माऊसवर बोट ठेवून पुतळ्यासारखी बसलेली. एकदा का होकार गेला, की पुढची कित्येक वर्षं त्या माणसाला इथे फिरकायचं कारण नव्हतं. मला कळत होतं. साहेबांना कसं कळणार?

संध्याकाळी तो आला. दुसऱ्या दिवशी लायसन्स संपत होतं. ते नसतं तर त्याला विमानाला हात लावता आला नसता. बंद खिडकीसमोर तो सवयीने वाकला. ताईही वाकली.

"तुमचं यंत्र फार कडक आहे," तो म्हणाला. "चष्म्याचा फोटो टाकला, लगेच नाकारला. पेन्सिलीची सही टाकली, तीही नाकारली. मला चूकच करू देईना."

"चुका मुद्दाम करत होतात?"

"तुमच्यासाठी... म्हणजे, हो."

ताई अगदी हळू म्हणाली, "सगळं बरोबर होतं, म्हणूनच मी सकाळपासून अडवून धरलंय."

आणि तिने बटण दाबलं. साहेबांनी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या, मेकॅनिकच्या वायरींना.

बाहेर पाऊस नव्हता, चांदणंही नव्हतं. नुसता पार्किंगचा पिवळा दिवा. पण ते दोघं त्याच्याखाली असे उभे होते, की मैत्रिणींनी मला चिमटा काढला आणि मी चक्क गप्प राहिले.

रात्री जेवताना ताईने आईबाबांना सांगितलं, की तिने साहेबांना एक अर्ज दिलाय. त्या इंजिनिअरची फाईल यापुढे आपल्याकडे नको.

बाबांचा घास हातातच राहिला. "का? काही वेडंवाकडं बोलला का तो?"

"नाही. नातेवाइकाची फाईल आपण तपासायची नसते, नियम आहे."

"अगं, पण तो आपला नातेवाईक कुठे आहे?" आई म्हणाली.

ताईने शांतपणे पाण्याचा घोट घेतला.

"अजून नाही," ती म्हणाली. "पण मी ठरवलंय."