कनकय्याचा तुकडा

यादगिरी तीस वर्षं वरंगळच्या एका इस्पितळात रोग्यांच्या गाठींच्या, मेणात बसवलेल्या तुकड्यांचे पातळ पापुद्रे काढत होता. अक्षरओळख नव्हती, पण हात असा, की पापुद्रा कोमट पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पसरायचा. त्या सकाळी त्याने भांडं पुसलं, पाणी बदललं आणि धाकट्या भावाचा, कनकय्याच्या गाठीचा तुकडा कापला. दुसरं काहीच कापलं नाही.

कनकय्याच्या मणक्यात गाठ होती. ती तिथली नव्हे, खालून कुठून तरी चढलेली.

"अण्णा, काचेवर तरी मला सरळ चिकटव," तो खाटेवरून म्हणाला होता. "जन्मभर वाकडाच म्हणालास."

गाठ पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीतून आली असेल, तर तपासणीच्या रंगाने तुकडा तपकिरी होतो, नाहीतर निळाच राहतो. मग इंजेक्शनांवर माणूस चार-पाच वर्षं काढतो. मूत्राशयातून आली असेल, तर पुढच्या उगादीचा पाडवा दिसणं कठीण.

दुपारी डॉक्टर वसुंधरांनी मायक्रोस्कोपमधून मान वर केली.

"मामा, काचेवर दोन तुकडे आहेत. मोठा निळाच राहिलाय. शेजारचा बारका मात्र तपकिरी. पाण्यात दुसऱ्या कुणाचा तरंगत आला का?"

पापुद्रा अखंड होता. यादगिरीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"त्याचाच आहे, अम्मा. कापताना तुटला."

"नक्की? तुमच्या शब्दावर लिहितेय."

"नक्की..."

इंजेक्शनं सुरू झाली. महिन्याभरात कनकय्या उठून बसला, ज्वारीची भाकर मागू लागला. यादगिरीला मात्र घास गिळवेना. शेवटी एका दुपारी खरं सांगायचं ठरवून त्याने काचांच्या पेटीतली ती काच काढून डॉक्टरांपुढे ठेवली.

बारका तुकडा आता बारका नव्हता. निळ्याला गिळून तो काचेच्या कडेला येऊन टेकला होता. वरची झाकणकाच होती तशीच घट्ट.

"काच बदलली कुणी?"

"नाही, अम्मा... हातसुद्धा लावला नाही."

डॉक्टरांनी पेटीतली शेजारची काच घेतली. बराच वेळ पाहत राहिल्या.

"इथेही ठिपका आहे. तसाच तपकिरी... प्रोस्टेटचा."

"मग त्यांनाही इंजेक्शन द्या, अम्मा," यादगिरी घाईने म्हणाला. "उठून बसतील."

डॉक्टरांनी काचेवरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"ही सम्मक्का आहे, मामा. बाई. बाईला तो अवयवच नसतो..."

यादगिरीने पेटीचं झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं.