रिकाम्या पोर्टचा अलर्ट

त्या दुपारी माझ्याकडे दोनच कामं होती. हॉस्पिटलात ताईला डबा पोचवायचा आणि तिसऱ्या मजल्यावरचा नेटवर्कचा स्विच बदलून होईपर्यंत खाली तळघरात कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसायचं. डबा पोचवून झाला होता. ताईने अर्धा खाल्ला, अर्धा माझ्याच तोंडात कोंबला.

"चिंगी आज जरा भरल्यासारखी दिसते ना गं?" तिने विचारलं.

"दिसते तर. उद्या तुझ्याशी भांडायला उठेल."

चिंगी म्हणजे ताईची मुलगी. सातव्या महिन्यातच घाईघाईने आलेली. नाव ठेवायचा धीर अजून कुणाला झाला नव्हता, म्हणून चिंगी. तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात ती झोपलेली असायची. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, हिला औषधापेक्षा उबेची गरज आहे. एकदा गार पडली, तर हाती लागायची नाही.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरवरून तिच्याकडे लक्ष ठेव हं," ताई म्हणाली.

"मावशी मग कशाला आहे?" मी म्हटलं आणि खाली आले.

मी शिकायला लांब गेले होते आणि परत येताना एक वेड घेऊन आले. इतरांनी भारी कपडे आणले असतील, मी हे आणलं: जो अलर्ट वाचून कुणी जागचं उठणार नाही, तो वाजताच कामा नये. ऐकायला साधं वाटतं. पण याच हॉस्पिटलात मी नेटवर्क सांभाळायच्या कामाला लागले आणि इथल्या तळघरातला पडदा पहिल्या दिवशी पाहिला तेव्हा तो वरपासून खालपर्यंत लाल होता. प्रत्येक मशीन, प्रत्येक केबल तक्रार करत होती. एखादी तार जरा ढिली झाली की तिच्यामागची सगळी यंत्रं एका सुरात ओरडायची. टेबलावरचा फोन थरथरत थरथरत कडेपर्यंत सरकायचा आणि दादा, म्हणजे आमच्या खोलीतले सगळ्यांत जुने, त्याच्याकडे न बघताच त्याला मागे ढकलायचे.

"इथं अलर्ट म्हणजे पाऊस," ते म्हणाले. "पडतोय तो पडतोय. आपण छत्री घेऊन बसायचं."

"आणि त्या पावसात कुणी खरंच हाक मारली तर, दादा?"

त्यांनी चहा ढवळायचा थांबवला. दुसऱ्या दिवशी ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. मग आम्ही दोघांनी एकेक मशीन घेतलं. एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली तर ती एकदाच दाखवायची. क्षणभराची उचकी असेल तर जरा थांबून बघायचं. मुख्य स्विच बंद असेल तर त्याच्यामागच्या सगळ्यांनी गळा काढायचा नाही. आठवडेच्या आठवडे गेले. आणि मग एक दिवस ती खोली गप्प झाली. यंत्रांच्या पंख्यांची घरघर, धूळ आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास, बाकी काही नाही.

"गप्पकर बाई," दादा म्हणाले, "कानात दडे बसल्यासारखं वाटतंय हो!" माझं ते टोपणनाव त्या दिवसापासून पक्कं झालं.

आणि त्या शांततेतच ती ओळ पहिल्यांदा दिसली.

कोलाहलात ती आधीही येत असेल, कोण जाणे. पडद्यावर एकच लाल ओळ, मजकुराची जागा कोरी. ती तिसऱ्या मजल्यावरच्या स्विचच्या, म्हणजे त्या मजल्याच्या सगळ्या केबल जिथं जुळतात त्या डब्याच्या, शेवटच्या पोर्टमधून येत होती. मी वर जाऊन टॉर्च मारून पाहिलं. पोर्ट म्हणजे केबल खुपसायचं भोक. ते भोक रिकामं होतं. खाली एक जुनी, कापलेली केबल लोंबत होती आणि तिचं दुसरं टोक भिंतीत गेलं होतं. भिंतीपलीकडे कुलूप लावलेली खोली.

"काढून टाक ना ती ओळ," दादा म्हणाले.

"नाही. कारण कळल्याशिवाय कुणालाही गप्प करायचं नाही. हा माझा नियम."

"नियम तुझा, झोप माझी उडते," ते पुटपुटले. पण ओळ आली की त्या बाजूला पाठ करून बसायचे.

तर, त्या दुपारी तो जुना स्विच काढून नवीन बसवायचा होता. अशा कामाच्या वेळी आम्ही त्या मजल्याला शांतता लावतो. म्हणजे काम संपेपर्यंत तिथून आलेला कुठलाही अलर्ट पडद्यावर येत नाही, नाहीतर सगळी यंत्रं उगाच बोंबा मारतात. वॉर्डाला कळवलं होतं, थोडा वेळ तुमचा मोठा पडदा बंद राहील, बाळांकडे डोळ्यांनी लक्ष ठेवा. नातेवाइकांना बाहेर बसवलं होतं. दादा तंत्रज्ञाला घेऊन वर गेले. मी शांतता लावली, ती लागल्याची दोनदा खात्री केली आणि एकटी बसून राहिले.

त्या तळघराला खिडकी नाही. तिथले दिवे हालचालीवर चालतात. माणूस फार वेळ स्तब्ध बसला की खोली रिकामी आहे असं समजून ते विझतात. तसे ते विझले. रोजचंच आहे, हात हलवला की लागतात. पण त्या दिवशी हात हलवावासा वाटला नाही. कारण मला एक वास आला. धुळीचा नाही, प्लॅस्टिकचा नाही. उकळून वाळवलेल्या फडक्यांचा, स्पिरिटचा आणि त्यात कोमट दुधाचा... तान्ह्या बाळाला छातीशी घेतल्यावर येतो तसा.

सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज खाली गेला. बंद नाही पडला. कुणीतरी श्वास रोखून धरावा तसा खाली गेला.

आणि अंधारात, ज्या पडद्यावर त्या मजल्याचं काहीही यायला नको होतं त्याच पडद्यावर, लाल ओळ उमटली. तोच मजला, तेच पोर्ट. या वेळी मजकूर होता.

*गार पडतंय.*

आमच्या सगळ्या यंत्रणेत असं वाक्य कुठंच लिहिलेलं नाही. आमचे अलर्ट आकडे सांगतात, बोलत नाहीत. मी बघतच राहिले. तिच्याखाली दुसरी ओळ आली.

*गार पडतंय.*

मग तिसरी. एकच तक्रार एकदाच दाखवायची, हा मी स्वतः घातलेला नियम तिला लागूच होत नव्हता. मी वॉर्डाला फोन लावला. त्या मजल्यावरचे फोन त्याच स्विचवर चालतात, त्यामुळे लाइन मेलेली. तळघरात मोबाइलला रेंज नाही. रिसीव्हर कानाशी तसाच धरलेला असताना चौथी ओळ आली.

*ऊठ.*

मी उठले. माझ्या डोक्यावरचे दिवे लागले नाहीत. दाराजवळचे लागले. जिथं कुणी नव्हतं, तिथले. मी दाराशी पोचेपर्यंत बाहेरच्या बोळातले लागले, मग जिन्यातले, वरच्या वळणावरचे... सतत माझ्या पुढे. घाईत असलेलं कुणीतरी, मागे वळून न बघता, पुढे चाललं असावं तसे. मी त्या उजेडामागे धावत सुटले.

वॉर्डात सगळं शांत होतं. मोठ्या पडद्याशी संबंध तुटल्यामुळे मघाशी सगळ्याच पेट्या एकदम किंचाळायला लागल्या होत्या आणि सिस्टरने वैतागून बटणं दाबून त्या गप्प केल्या होत्या. आता ती आणि डॉक्टर दूरच्या टोकाला एका बाळाशी झटत होते, त्याचा श्वास अडकला होता. चिंगीच्या पेटीचा दिवा बंद होता. केबल ओढताना मागचा प्लग अर्धवट निघाला होता. मी काचेला हात लावला. काच गार.

"सिस्टर!"

ती धावत आली, झाकण उघडलं, तळहात आत घातला. "अगं बाई... ही तर गार पडलीये. आईला बोलवा, आत्ताच्या आत्ता!"

ताई कशी आली, तिला कुणी धरून आणलं, मला आठवत नाही. तिच्या उघड्या छातीवर ठेवण्यासाठी सिस्टरने चिंगीला उचललं आणि उचलता उचलता ती थबकली.

"इकडे ये," ती अगदी हळू म्हणाली. "हिची पाठ बघ."

मी हात लावला. हातपाय गार, पोट गार. पण पाठीच्या मधोमध तळहाताएवढी एक जागा होती, उबदार. हात आत्ताच कुणी काढून घेतला असावा इतकी उबदार. चार बोटं कुठं संपतात तेसुद्धा कळत होतं.

"तुम्ही हात ठेवला होता?"

"मी तर तिकडे होते..."

डॉक्टर नंतर म्हणाले, पाठीतली तेवढी ऊब नसती, तर ती हाती लागली नसती. संध्याकाळी चिंगी रडली. मांजराच्या पिल्लासारखा तो आवाज ऐकून ताई हसत होती, हसता हसता हुंदके देत होती. दारात दादा उभे होते, हातात स्क्रू ड्रायव्हर तसाच.

"अगं, तू म्हणतेस त्या वेळी तो जुना स्विच माझ्या मांडीवर होता," ते म्हणाले. "उपसलेला. त्याला वीजसुद्धा नव्हती." मग म्हणाले, "काढून टाक म्हणालो होतो ना मी त्या ओळीला... तिला माझा नमस्कार सांग."

मी तळघरात गेले. प्रत्येक अलर्टपुढे एक चौकट असते. ज्याने तो पाहिला त्याने तिथं आपला शेरा लिहायचा. त्या चारही ओळींपुढे मी लिहिलं, "पाहिलं. आले. फार उपकार झाले." ओळी हिरव्या झाल्या आणि गेल्या. नव्या स्विचवर त्या पुन्हा कधीच आल्या नाहीत.

कुलूपबंद खोलीबद्दल मी मोठ्या सिस्टरना विचारलं. पेट्या येण्याआधी बाळं तिथं ठेवायचे म्हणे. "तेव्हा ऊब तळहातानेच बघायचे," त्या म्हणाल्या. कोण बघायचं, विचारलं, तर "होत्या एक..." एवढंच बोलून त्या कामाला लागल्या. मी पुढे विचारलं नाही. ज्याने आपलं माणूस परत दिलं, त्याची चौकशी किती करायची? मला तर उलट वाटलं, माझं वेड खरं ठरलं. सगळा गोंगाट बाजूला केला म्हणून एक हाक ऐकू आली. हजार ओरडण्यांमध्ये ती हाक कुणी ऐकली असती?

चिंगी आता घरी आहे. चांगली गुटगुटीत झाली आहे, तिचं खरं नावही ठेवलंय. ताई, ती आणि मी एकाच खोलीत झोपतो. थंडीच्या दिवसांत ती पांघरूण लाथाडते, पण सकाळी बघावं तर ते नीट खोचलेलं असतं, कोपरे दुमडून. ताईला वाटायचं मी खोचते, मला वाटायचं ताई. एकदा आम्ही दोघींनी ते एकमेकींना विचारलं आणि मग त्या विषयावर बोललोच नाही.

मागच्या महिन्यात एका रात्री मी जागी होते. पायाशी हलकेच कुणीतरी खोचत होतं. आधी चिंगीचं, मग माझं. मी डोळे उघडले नाहीत. भीती वाटली, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त भरून आलं. मी मिटल्या डोळ्यांनीच म्हटलं, "उपकार आहेत तुमचे."

खोचणारा हात थांबला. मग पांघरूण सावकाश वर यायला लागलं. पोटावरून छातीवर... आणि थांबलं.

माझं सांगून होईपर्यंत दिवा राहू द्या तसाच, मालवू नका. मी अजूनही रोज झोपताना आभार मानते, मनापासून मानते. चिंगीचं पांघरूण रोज सकाळी तिच्या खांद्यापर्यंत असतं, अगदी जसं असायला हवं तसं. माझं मात्र त्या रात्री आभार मानल्यापासून रोज थोडं थोडं वर येतंय. काल सकाळी ते ओठांवर होतं.