बोटीवर धम्माला ताट मिळालं नाही

तुम्ही खोटं बोलताय.

हो, तुम्हीच. कंपनीच्या काचेच्या केबिनमध्ये बसून फोनवर गोड बोलणारे. 'तुमचा भाऊ त्या संध्याकाळी बोटीवर नव्हताच' असं आम्हाला सांगणारे.

मी राजरत्न. काळाचौकीला चाळीत दुसऱ्या माळ्यावर राहतो. आमचं घर बुद्धाचं. भूत, भानामती, अंगारा, आम्ही काहीच मानत नाही. म्हणून पुढचं नीट वाचा. यातला शब्द न शब्द खरा आहे.

माझा धाकटा भाऊ धम्मपाल, एसी मेकॅनिक. मागच्या डिसेंबरात कंपनीने त्याला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला बँकॉकला नेलं. आमच्या चाळीतून फॉरेनला गेलेला पहिलाच. शेवटच्या दिवशी काम नव्हतं. दुपारी गाडीतून शहर बघायचं आणि संध्याकाळी नदीत बोट. गाणी, नाच, जेवण.

त्या संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. आई, मी आणि शेजारच्या बकुळामावशी एकाच फोनला चिकटलो.

"अरे धम्मा, ती नाचता ती बाय दाखव रे!" मावशी ओरडल्या.

"मावशी, काकांना सांगू का?" धम्मा हसला.

त्याच्या मागे सोन्यासारखी उजळलेली देवळं सरकत होती. बँडवाला ढोलावर जीव खाऊन हात मारत होता.

पण ढोल ऐकू येत नव्हता...

बोटीचा नाही, पाण्याचा नाही. फक्त धम्माचा आवाज.

"नेटवर्क असेल," मी म्हणालो.

मग त्याने कंपनीचे साहेब दाखवले. हातात ग्लास, डोक्यावर हिरवी कागदी टोपी, कानाजवळ फाटलेली. मस्त नाचत होते.

"साहेब, घरचे आहेत. हाय करा ना."

साहेब वळले नाहीत.

"साहेब..."

वेटर आला. धम्माच्या तोंडासमोरून हात नेऊन त्याने पलीकडच्याला ताट दिलं.

"दादा, सगळ्यांना दिलं. मलाच नाही."

"मागून घे की रे," आई म्हणाली.

"कधीचा मागतोय, आई. कोणी बघतच नाही गं माझ्याकडे."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच संशय कसा आला नाही?

नाही आला. राग आला. साहेब लोक आमच्याकडे बघत नाहीत, यात नवल काय? आज्याने तेच बघितलं, बापाने तेच. आम्हाला ते रोजचंच वाटलं.

"सोड रे त्यांना," मी म्हणालो. "उद्या घरीच येतोयस."

त्याने शर्टाची कॉलर वर ओढली.

"आई, खूप गारठलोय. तवा ठेव. आलोच."

कामावरून आला की धम्मा गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर किल्ली वाजवायचा. ते ऐकून आई भाकरी टाकायची. आता त्याने बोटीच्या कठड्यावर किल्ली मारली. आम्ही बघितलं.

फोनमधून आवाज आला नाही.

टण... टण...

आवाज आमच्या गॅलरीतून आला.

मावशींनी माझा दंड घट्ट धरला. मी दार उघडलं.

कोणी नव्हतं...

दोरीवरचे कपडे कोरडे ठणठणीत. कठडा मात्र एकाच जागी ओला. हात लावला तर बोटांना गाळ लागला.

मागे वळलो. कॉल कट झाला होता. आई तवा ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन. 'धम्मपाल दुपारी शहर बघताना बेपत्ता झाला. बोटीवर आलाच नाही. त्याचा मोबाइल हॉटेलच्या खोलीत चार्जिंगला होता. गेला असेल कुठेतरी मजा मारायला.'

तुमच्या ऑफिसच्या मॅडम त्या बोटीवर होत्या. मी त्यांना फोनवर एवढंच विचारलं, "साहेबांची हिरवी कागदी टोपी कानाजवळ फाटली होती ना?"

मॅडमचा आवाज एकदम खाली आला.

"तुम्हाला... कोणी सांगितलं?"

फोन कट. त्यानंतर माझा एकही फोन उचलला नाही.

बकुळामावशी म्हणतात, भगताला विचारूया. आई भडकते. "माझ्या पोराला भूत म्हणायचं नाही!"

बरोबर आहे तिचं. एकदा भूत म्हटलं की तुम्ही सुटलात. मग शोधायला नको, पोलिसांना उत्तर द्यायला नको.

आता रोज संध्याकाळी कठडा वाजतो. आई भाकरी टाकते, ताट वाढते. मी दार उघडतो. कोणी नसतं. पण हल्ली कडी काढताना मी थांबतो. वाटतं, तो समोरच उभा असेल... आणि तुमच्यासारखाच मलाही दिसत नसेल.

बोटीवर तो तुम्हाला दिसला नाही, हे मी एक वेळ मानतो. जिवंत होता तेव्हाही दिसत नव्हताच.

पण तो दुपारपासून बेपत्ता होता, असं तुम्हीच म्हणता. मग संध्याकाळी टोप्या घालून नाचलात कसे?

माझ्या भावाला कुठे सोडून आलात?

आईने तवा ठेवलाय. उत्तर द्या.