तेवीस किलोंत बसेल तेवढं

"कोरियाला न्यायची बॅग आहे का?"

लातुरात क्लासच्या गल्लीत आमचं बॅगांचं दुकान. जूनमध्ये आईबाप पोरांना हॉस्टेलात ठेवायला येतात आणि आमच्याकडून पत्र्याची पेटी घेतात. कोरियाचं नाव आजवर कुणी काढलं नव्हतं. मी हसू दाबलं. "पुण्याला नेतात तीच आहे. चालेल?"

तोही हसला… आणि माझं तिथंच चुकलं.

त्याचं नाव उमाशंकर. शेजारच्या क्लासात फिजिक्स शिकवायचा. बुसान नावाच्या समुद्राकाठच्या शहरात जहाजबांधणी शिकायला त्याला स्कॉलरशिप मिळाली होती. ऑगस्टअखेर निघायचं, दोन वर्षांसाठी. विमानात तेवीस किलोंचीच मुभा. अप्पांनी कधीकाळी आडतीवरून आणलेला वजनकाटा आमच्या दुकानात होता, म्हणून क्लास सुटला की तो रोज भरलेली बॅग घेऊन यायचा.

"सत्तावीस!" मी ओरडायचे. "काय कोंबलंय एवढं?"

"मामीनं ज्वारीचं पीठ दिलंय. काळं तिखट, शेंगाची चटणी…"

"आणि स्वेटर?"

"समुद्राकाठी कशाची थंडी? मुंबईला असती का?"

"मुंबई नव्हे ती! जानेवारीत वारं कापून काढतं तिथं." मी खास त्याच्यासाठी मोबाईलवर वाचलं होतं. "पीठ काढा. जाड जाकीट घ्या."

पीठ निघालं, जाकीट आलं. छत्री आली, लोकरीचे मोजे आले. एकदा मी मोजे निवडत असताना तो हळूच म्हणाला, "तुम्हालाच नेलं तर…?"

"मी पन्नास किलोंची आहे—"

"मग सगळंच काढतो. तिखटसुद्धा."

माझे कान तापले. काट्यावरचा आकडा मला वाचताच येईना.

रविवारी मला उदगीरचं स्थळ बघायला येणार होतं. लाज गुंडाळून ठेवून मीच त्याला सांगितलं, "त्याआधी अप्पांना विचारा. दोघंही लिंगायत, अडचण कसली?" त्यानं बॅगची चेन उगाच उघडली, परत लावली. मग म्हणाला, "गुरुवारी मामाला घेऊन येतो."

गुरुवारी तो मामाला घेऊन खरंच आला. मी मोरपंखी ड्रेस घालून उभी! मामांसोबत मामी होत्या, आणि त्यांच्या मागं एक लाजरी मुलगी. त्यांची लेक, गौरम्मा.

"ह्या पोरीसाठी बी एक बॅग दावा," मामा अप्पांना म्हणाले. "सहा महिन्यानं लगीन हाय दोघांचं, मंग ही बी जाईल तिकडं. भूकंपात ह्याचे मायबाप गेले, चार वर्षांचा व्हता. ह्या हातांनी माती उपसून काढलं म्या ह्याला. पुढं ही झाली, तवा पाळण्यातच ठरवलं."

गौरम्मा माझ्याजवळ सरकली. "ताई, लई थंडी असती का हो तिथं? काय काय न्यावं?"

मी तिला सगळं सांगितलं. जाकीट, मोजे, छत्री. तिचा बिचारीचा काय दोष?

बाकीचे रिक्षा बघायला बाहेर गेले, तेव्हा तो काट्यापाशी आला.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"हाव… मामाला सांगतो, सांगतो म्हणत राहिलो. जीभच उचलंना. ते नसते तर मी नसतो, मंजुश्री." त्याचे डोळे भरले. "माझं प्रेम हाय तुमच्यावर. तुम्ही म्हणा, आत्ता त्यांना न्हाई म्हणतो."

किती गोड वाटायला हवं होतं ते! मला मात्र संताप आला. दोन आठवडे हा माणूस माझ्याकडून हसत हसत बॅग भरून घेत होता.

"मी कशाला म्हणू? मामा तुमचे. आज मी म्हटलं म्हणून नाही म्हणाल, आणि उद्या तिकडं मामांची आठवण आली की खापर माझ्या माथी फोडाल. म्हणायचं तर तुमचं तुम्ही म्हणा."

बाहेरून मामांनी हाक मारली. त्यानं बॅग उचलली आणि गेला.

रविवारी उदगीरचे लोक आले. मुलगा चांगला होता, नाव ठेवायला जागा नव्हती. मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मला आत्ता लग्न करायचं नाही." आईनं कपाळाला हात लावला, अप्पा मान खाली घालून बसले. पण मला म्हणता आलं.

आतल्या खोलीत जाऊन मग मी खूप रडले. एवढंसंच बोलायचं होतं त्याला… आणि तेवढंही त्याला माझ्यासाठी जमलं नाही.