अकरानंतरची वायर

सुरतच्या डिंडोलीत त्या रात्री लाईट गेली होती. भिकनमामा गच्चीवर चटई टाकून आडवे झाले होते. शेजारी बहिणीची दोन पोरं, राखी आणि राकेश. राकेशला जूनमध्ये इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर राहायला जायचं होतं आणि त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

"मामा, तिथे इंटरनेट आहे म्हणे."

मामा उठून बसले.

"आहे. आणि रात्री अकराला वायर काढायचा नियमही आहे. तो तुला कोणी नीट सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. सरलाबाईंचा योगराज माहीत आहे ना? त्याच्यावर गुदरलेली गोष्ट आहे. पदरचं एक अक्षर घालत नाही."

गोष्ट याच वर्षीची. नव्व्याण्णव साल, चौदा जानेवारी, उत्तरायण. हॉस्टेल ओस पडलेलं. सुरतची पोरं आपापल्या घरी, बाकीची मित्रांच्या गच्च्यांवर पतंगाच्या मागे. योगराज मात्र एक काम मनात धरून थांबला होता. बंगळूरच्या एका कंपनीने त्याला निवडलं होतं. 'येतो' एवढंच मेलवर कळवायचं होतं, पण त्याच रात्री बाराच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला. वडील चलथाणच्या साखर कारखान्यात हंगामी कामगार. घरात कायमचा पगार कोणी पाहिलेला नव्हता.

इंटरनेटची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. तिथे एक कॉम्प्युटर. आणि साऱ्या हॉस्टेलला फोनची लाईन एकच. तीच खाली ऑफिसात, तीच वर. दारावर रेक्टरसाहेबांची पाटी: अर्ध्या तासाला वीस रुपये, चिठ्ठी आधी घ्यावी, घाणेरडी चित्रं पाहणाऱ्यास महिनाभर बंदी. त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'साहेब, चित्र उघडेपर्यंत अर्धा तास संपतो.'

राकेश खो खो हसला.

"हस. खालची ओळ लाल रंगात होती. अकरानंतर बंद म्हणजे बंद."

"अकराच का?" राखीने विचारलं.

"अकरानंतर एसटीडी पाव दरात लागते, बाई. साक्री, शहाद्याकडचे आईबाप तेव्हाच फोन करायचे. आणि वर कोणी नेटवर बसलं की लाईन एंगेज. घरचा फोन लागणार कुठून?"

तसंच झालं होतं, आदल्या श्रावणात. मगन नावाचा साक्रीकडचा मुलगा. आई दवाखान्यात होती. रात्री फोन करतो, असा वडिलांचा निरोप आलेला. मगन ऑफिसातल्या बाकड्यावर फोनपाशी बसून राहिला. वर चार पोरं नेटवर क्रिकेटचा स्कोअर बघत होती. वडील नंबर फिरवत राहिले. आई गेली होती. शेवटी मगनला बसवेना. कुणाची तरी स्कूटर घेऊन तो घराकडे निघाला, आणि शहराच्या टोकाला पर्वत पाटियाच्या पुढे ट्रकखाली आला. आई गेल्याचं त्याला कळलंच नाही. त्यानंतर ती लाल ओळ लिहिली गेली.

"योगराजला हे सगळं ठाऊक होतं," मामा म्हणाले. "हे ध्यानात ठेवा."

त्याची चिठ्ठी दहाची होती. पण सणाची रात्र, लाईन लागेचना. मॉडेम किंचाळायचा, गप्प व्हायचा. असं करता करता अकरा वाजले. सुकलाल वॉचमन जिना चढून वर आला.

"चल भाऊ, वायर काढ."

"सुकलालकाका, थोडा वेळ. नोकरीचा सवाल आहे."

सुकलालने मान खाजवली. "सणाला कोण फोन करतंय म्हणा. पण मी काही पाहिलं नाही हां. ऑफिसला कुलूप घातलंय, मी गेटवर आहे."

तो गेला आणि लाईन लागली. योगराजने भराभर मेल लिहिला. पाठवायला गेला... तुटलं. पुन्हा लावलं. पुन्हा पाठवायच्या क्षणाला तुटलं. तिसऱ्यांदा तेच.

असं एकाच कारणाने होतं. खाली कोणी रिसीव्हर उचलला तर.

पण खाली कुलूप होतं.

खिडकीबाहेर आकाशात तुक्कल चढले होते. पतंगाच्या दोरीला बांधलेल्या कागदी कंदिलांची लांब, डुलणारी रांग. लांबून ढोलाचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

योगराजने कॉम्प्युटरशेजारचा फोन कानाला लावला. "कोण आहे खाली? ठेवा ना फोन!"

पलीकडून फक्त श्वास. खूप चालून आलेल्या माणसाचा.

मग आवाज आला. गावाकडच्या अहिराणीत, आपला फोन आला का विचारणारा. हळू.

"मना फोन उना का?"

योगराजने घड्याळाकडे पाहिलं. बाराला थोडाच वेळ उरला होता. ठेवून पळावं... पण मेल? वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"उना का?" आवाज पुन्हा म्हणाला. "माय कशी शे मनी?"

राखीने मामांचा हात धरला. "मग?"

"मग तो खोटं बोलला. फोन खाली ठेवावा, म्हणून."

"हा, उना होता," योगराज म्हणाला. त्याचाच आवाज त्याला ओळखू येईना. "माय बरी शे. ठेव आते फोन. झोप तू."



पलीकडचा श्वास थांबला.

योगराज वाट पाहत राहिला. फोन ठेवल्याचा खटका येईल... येईल...

आला नाही.

"माय बरी शे?" आवाज म्हणाला. आता तो घाबरलेला होता. लहान मुलासारखा.

"हा."

"मंग..."

...

"मंग हाई कोन शे, मना जोडे बशेल?"

आणि त्या फोनवर, त्याच्या शेजारी बसलेल्या कुणाचा तरी, दुसरा श्वास ऐकू आला. अगदी जवळून.

योगराजने वायर ओढली. भिंतीतलं सॉकेटसुद्धा उपटून आलं. तो जिना उतरला नाही, पडतच खाली आला. सुकलाल गेटवरून धावत आला. काय झालं, ते विचारलं नाही त्याने. नुसती किल्ली काढली. कुलूप तसंच होतं. दार उघडलं. बाकडं रिकामं. रिसीव्हर जागेवर.

"मेल?" राकेशने अगदी बारीक आवाजात विचारलं.

"कसला मेल. जागा गेली. चलथाणला वडिलांपाशीच आहे तो आता. मला तेवढं खरं बोलला; बाकी कोणी विचारलं तर सांगतो, लाईन मिळाली नाही."

मामांनी चटई सारखी केली. खाली गल्लीत कुत्रं उठलं, उभं राहिलं, पुन्हा बसलं.

"सुकलालने रिसीव्हर उचलून बघितला," ते म्हणाले, "आणि टाकून दिला. पोरांचं हॉस्टेल ते, बाई आत पाऊल टाकत नाही. पण कानाला लावतात त्या टोकाला कुंकू होतं. रोज लावतात तसं बारीक नव्हे. सवाष्ण बाईला शेवटचं नेताना मळवट भरतात ना... तसं. दाट."

मामांनी दोन बोटं एकमेकांवर चोळली.

"ओलं होतं."