मिलेनाच्या नावाचं दुकान

महाशिवरात्रीच्या दिवशी, भर दुपारी, लंडनजवळच्या वॉटफर्डच्या मार्केटमध्ये अनुप करंदीकरचा उपास मोडला, आणि तो मोडला मिलेनानं. तिला बिचारीला कुठली माहीत असणार महाशिवरात्र! ती आपली स्टॉलच्या ताडपत्रीवर साचलेलं पाणी काठीनं ढकलत होती. समोर एक उंच माणूस चष्म्यावरचे पावसाचे थेंब न पुसताच पाटी वाचत उभा होता. पाटीवर लिहिलं होतं : कसावा आणि चीजचे गरमागरम पाव.

"कसावा म्हणजे... टॅपिओका ज्याचा करतात, तोच ना?" त्यानं विचारलं.

"तोच," मिलेना म्हणाली.

त्या माणसाचा चेहरा असा खुलला, की सकाळपासून पावसात गिऱ्हाइकांची वाट बघून कंटाळलेल्या मिलेनालाही हसू आलं. त्यानं दोन पाव उभ्याउभ्या संपवले, तिसरा हातात घेतला आणि मग कुठे त्याला विचारायची बुद्धी झाली, की यात आणखी काय काय घालता? मिलेनानं अभिमानानं सांगितलं. कसावाचं पीठ, चीज, थोडं लोणी आणि अंडं. 'अंडं' ऐकल्यावर त्याचा हात तोंडाशी जाता जाता थबकला.

"आज माझा उपास आहे," तो म्हणाला.

"उपास आहे, मग खात का होतात?"

प्रश्न अगदी सरळ होता, पण पुण्याच्या माणसाला त्याचं उत्तर देता देता घाम फुटला. आमच्याकडे उपासाला साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, दाणे चालतात, दूध-दही तर चालतंच... मिलेना हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. शेवटी तिनं त्याच्या हातातल्या पावाकडे बोट दाखवलं.

"मोडलाच आहे, तर हा तरी पुरा खा. थंड झाला की दोघांचंही नुकसान."

त्यानं तो खाल्ला. आईला फोनवर काय सांगायचं या काळजीत तो निघाला, तेवढ्यात तिनं मागून हाक मारून विचारलं, की असे उपास करणारे वॉटफर्डमध्ये किती असतील? तो हसून म्हणाला, मोजायला बसलात तर स्टॉल बंद ठेवावा लागेल.

बाई धंद्यातली होती. त्या आठवड्यात तिनं अंड्याशिवाय पाव करून बघितले. पहिली खेप अशी निघाली, की फेकून मारली असती तर खिडकीची काच फुटली असती. मग तिनं अंड्याऐवजी घट्ट दही घातलं, भट्टीची आच कमी केली, आणि पुढच्या शनिवारी वेगळ्या टोपलीत वेगळी पाटी लावली. दुसऱ्या महिन्यापासून त्या टोपलीपुढे रेनकोटातल्या गुजराती, मराठी बायकांची रांग लागू लागली. आणि रांगेच्या शेवटी, दर शनिवारी, न चुकता अनुप. तो इथल्याच एका विम्याच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करत होता. उपास असो नसो, तो चव बघायला म्हणून यायचा आणि स्टॉल आवरेपर्यंत थांबायचा.

"तुला दुसरं काही काम नसतं का रे शनिवारी?" तिनं एकदा विचारलं.

"असतं की. हेच," तो म्हणाला, आणि ओल्या ताडपत्रीची घडी घालायला लागला.

घडी वाकडी आली होती. मिलेनानं ती उलगडून परत घातली, पण त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये ती उगीचच हसत होती.

मिलेना ओस्पिना मूळची कोलंबियातल्या पाल्मिराची. इंग्रजी शिकायला म्हणून लंडनला आली, पहाटे ऑफिसं झाडली, दिवसा वर्गात डुलक्या काढल्या. मग लग्न ठरलेल्या माणसाबरोबर एक कॅफे काढला. भट्टी तिची, कृती तिच्या, पाटीवर नावसुद्धा तिचंच. फक्त कागदांवर नाव त्याचं. त्यानं एक दिवस कॅफे विकून टाकला आणि मिलेना ॲप्रनसकट रस्त्यावर आली. तेव्हा तिला तिच्या मैत्रिणींनी सावरलं. एक इक्वेडोरची, जिनं पुढे स्वतःची सफाईची कंपनी काढली, आणि एक बोलिव्हियाची, जी लंडनच्या एलिफंट अँड कॅसल भागात आता ऐटीत सलून चालवते. तिघींनी एकमेकींना बजावलं होतं, की यापुढे जे काही उभं करू, ते स्वतःच्या नावावर. नवरा असो, भाऊ असो, देव स्वतः येऊन उभा राहो, कागदावर नाव आपलं.

आणि आता मिलेनाला दुकान हवं होतं. खरंखुरं, छप्पर असलेलं. सेंट ऑल्बन्स रोडवर रघुवीरकाका दाभोळकरांचं साड्यांचं दुकान बंद होऊन रिकामं पडलं होतं. मागच्या बाजूला भट्टीसाठी अगदी मनासारखी जागा होती. ते दुकान बघितलं तेव्हाच तिच्या डोळ्यांपुढे काउंटर कुठे, टेबलं कुठे, सगळं मांडून झालं होतं. काका पंचेचाळीस वर्षांपूर्वी भारतातून आलेले, अनुपच्या मराठी मंडळातले, बोलायला गोड, पण कशालाच चटकन हो म्हणायचे नाहीत. मिलेना आपला हिशोब, बँकेचं पत्र, सगळं घेऊन गेली. काका म्हणाले, बघू. ती पुढच्या सोमवारी परत गेली. काका म्हणाले, बघू. ती दर सोमवारी जायला लागली. हळूहळू काका तिच्यासाठी चहा ठेवायला लागले, भट्टीचा धूर कुठून काढणार वगैरे विचारायला लागले. किल्ला ढासळत होता, आणि तो आपण एकटीनं ढासळवतोय याचा मिलेनाला केवढा आनंद होता.

हे सगळं ती अनुपला सांगायची. तो ऐकायचा, मान डोलवायचा आणि एका रविवारी त्यानं जे करायला नको होतं तेच केलं.

सोमवारी सकाळी काकांचा स्वतःहून फोन आला. आवाजात साखर नुसती सांडत होती. तू आमच्या अनुपची आहेस, हे आधी नाही का सांगायचं? परक्यासारखी कागद घेऊन काय येत होतीस? लीज तयार करायला सांगितलंय. अनुपचं नाव पहिलं, खाली तुझं. भाडंही कमी केलंय, घरच्या माणसाकडून का कोणी तेवढं घेतं?

मिलेनानं आभार मानले, फोन ठेवला आणि तिथेच पिठाच्या पोत्यावर बसली. दुकान मिळालं होतं, आणि नेमकं तेच हातातून गेलं होतं.

संध्याकाळी अनुप स्टॉलवर आला तो खुशीत. छत्री मिटायच्या आधीच त्यानं विचारलं, काकांचा फोन आला का?

"तू काय सांगितलंस त्यांना?" मिलेनाचा आवाज अगदी शांत होता.

"विशेष काही नाही. म्हटलं, काका, जरा बघा ना. आपल्या घरचीच आहे ती."

"मी तुला सांगितलं होतं का?"

"सांगायला कशाला लागतं? आमच्याकडे आपल्या माणसासाठी शब्द टाकतात, मिलेना. माझ्या पहिल्या नोकरीसाठी माझ्या मामानं टाकला होता."

"आणि ज्याच्यासाठी टाकतात, त्याला विचारत नाहीत?"

अनुप पुण्यात लहानाचा मोठा झाला, पण हा प्रश्न त्याला कधी कोणी विचारला नव्हता. पाऊस ताडपत्रीवर एकसारखा वाजत होता. मिलेनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला त्या पाण्याचाच राग आला.

"मी इतके सोमवार त्या घराच्या पायऱ्या चढले," ती म्हणाली. "ते हो म्हणणार होते. मला, मिलेना ओस्पिनाला, हो म्हणणार होते. आता ते तुला हो म्हणालेत. एकदा माझं सगळं दुसऱ्याच्या नावावर गेलंय, अनुप. तो वाईट माणूस होता. तू चांगला आहेस, पण कागदाला ते कळत नाही."

"मी... आता काय करू?"

"जा, आणि तुझा शब्द उचलून आण."

"टाकलेला शब्द मागे घ्यायचा? मंडळात नाक कापलं जाईल माझं."

"कापू दे," मिलेना म्हणाली आणि टोपल्या आवरायला लागली.

तो गेला. त्या शनिवारी आला नाही, पुढच्याही नाही. ताडपत्रीच्या घड्या मिलेना एकटीनं घालत होती, त्या अगदी सरळ येत होत्या आणि तिला त्या बघवत नव्हत्या. राग होता तो होताच. पण ज्याच्यावर राग, त्याचीच इतकी आठवण यावी, हा काय न्याय झाला? मैत्रिणींनी फोनवर तिची बाजू घेतली, तेव्हा ती त्यांच्याशीच भांडली.

मग एक दिवस स्टॉलपुढे वैजयंतीकाकू उभ्या राहिल्या. काकांच्या बायको. दर सोमवारी चहा आणून ठेवायच्या आणि आत जायच्या, एवढीच त्यांची ओळख. आज त्या ऐसपैस स्टुलावर बसल्या, दोन पाव घेतले आणि सांगायला लागल्या.

घरी पाहुणे होते, मंडळाची चार माणसं, आणि त्या सगळ्यांच्या देखत अनुप येऊन उभा राहिला. काका, मी चुकलो म्हणाला. ती माझ्या घरची नाही. मला ती आवडते हे खरं, जीव जडलाय माझा तिच्यावर, पण हे मी अजून तिलासुद्धा सांगितलेलं नाही, आणि त्याचा दुकानाशी संबंध नाही. दुकान तिचं, हिशोब तिचा. तुम्हाला द्यायचं तर तिच्याकडे बघून द्या, नाहीतर देऊ नका. पाहुण्यांचे चहाचे कप हातातच राहिले. काका असे चिडले, की म्हणाले, मग राहू दे दुकान रिकामं.

मिलेनानं हातातली टोपली खाली ठेवली. दुकान गेलं? की... तिला नेमकं कशानं धडधडतंय, तेच कळेना.

"पुढचं ऐक," काकू म्हणाल्या. "त्या दुकानावर माझंही नाव आहे. घेतलं तेव्हा माझा पगार जास्त होता, पोस्टातला. पण इतक्या वर्षांत मला कोणी एका अक्षरानं विचारलं नाही. परवा त्या मुलाचं बोलणं ऐकलं आणि मी यांना म्हटलं, माझी सही लागते ना? मग आता मी बोलते. मिलेना, तुला हवंय दुकान?"

मिलेनानं ॲप्रनला हात पुसले.

"हवंय. पण भाडं आधीचंच. कमी केलेलं नको."

"बरं."

"आणि मागची गटार तुंबलीय, ती तुम्ही दुरुस्त करून द्यायची. ती होईपर्यंतचं भाडं मी देणार नाही."

काकू अशा खदखदून हसल्या, की शेजारचा भाजीवाला वळून बघायला लागला. गटारीचं यांना मी सांगते, म्हणाल्या, फार दिवस सांगायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मिलेना अनुपच्या ऑफिसच्या खाली जाऊन उभी राहिली. बारीक पाऊस होता, छत्री ती विसरली होती. तो दारातून बाहेर आला, तिला बघितलं आणि पायरीवरच थांबला. दोन आठवड्यांत सुकला होता जरा. तिला वाटलं, धावत जावं. पण ती कामाला आली होती, आणि काम आधी.

"शुक्रवारी सॉलिसिटरकडे लीजवर सही आहे," ती म्हणाली. "माझी एकटीची. साक्षीदार लागतो. साक्षीदाराचा दुकानावर काडीचाही हक्क नसतो, मी विचारून घेतलंय. त्यानं फक्त तिथे असायचं आणि बघायचं. येशील?"

अनुपनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. थेंब तसेच राहिले.

"येईन," तो म्हणाला. "फक्त तिथे असणं... मला तेवढंच हवं होतं. मागायची पद्धत चुकली."

"आणि काकांच्या पाहुण्यांना जे सांगितलंस, ते?"

"ते तुला आधी सांगायला हवं होतं."

"मग आता सांग. मध्ये कोणी नाहीये."

त्यानं सांगितलं. भर रस्त्यात, ऑफिसातली माणसं आजूबाजूनं जात असताना, अडखळत, अर्धं इंग्रजीत आणि ऐन मोक्याचं मराठीत. मराठी तिला एक अक्षर कळलं नाही, पण कळायचं ते सगळं कळलं. तिनं स्पॅनिशमध्ये उत्तर दिलं. त्याचा अर्थ काय म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाली, मलाही तेच.

शुक्रवारी सॉलिसिटरच्या खोलीत चौघं बसली. काका अजून थोडे घुश्शात होते, काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. मिलेनानं लीज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, कोणालाही घाई करू दिली नाही. मग तिनं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. त्या ओळीत दुसरं कोणाचंही नाव नव्हतं. टेबलाखाली तिनं डाव्या हातानं अनुपचा उजवा हात धरला होता.

सॉलिसिटरनं कागद अनुपकडे सरकवला.

"सही करायची तर हात सोडावा लागेल," अनुप हळूच म्हणाला.

मिलेना खुर्चीवरून उठली, त्याच्या मागून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि तिनं त्याचा डावा हात घट्ट धरला.

"आता कर," ती म्हणाली.