उष्टं पाणी

डेल्मर टॅकेट रोज सकाळी आठ वाजता मुदपाकखान्यात कपभर पाणी घेऊन जायचा. तो कप पोचल्याशिवाय आचारी हराबेक कॉफीचं भांडं चढवत नसे. त्या विनाशिकेवर, छोट्या युद्धनौकेवर, तीनशे माणसं होती, तोफा डागायला त्यातली निम्मी. पाणी करणारे तिघे होते, आणि चव घेणारा टॅकेट एकटा.

"आज काय पाजतोयस?" हराबेक विचारायचा. "सोमवारी तेल होतं, बुधवारी गंज. आज शुक्रवार आहे बाबा, मांस वर्ज्य, पण मासळीची चव असली तरी चालेल. देवाची हरकत नाही."

पुढच्या इंजिनखोलीत एक बोजड यंत्र होतं. ते समुद्राचं पाणी आत ओढी, त्याची वाफ करी आणि वाफेचं पुन्हा पाणी. निम्म्याहून जास्त पाणी बॉयलर पिऊन टाकत, उरलेलं माणसं. हा क्रम कुणाला खटकत नसे. माणूस तहानला तर कुरकुरतो. बॉयलर तहानला तर जहाज थांबतं. दर तासाला काचेच्या नळीत औषधाचे चार थेंब टाकायचे. पाणी दुधाळलं तर मीठ आहे, नाही तर नाही. सरकारी परीक्षा एवढीच. टॅकेट आणखी एक घेई. पहिला घोट तोंडात धरायचा आणि दहापर्यंत मोजायचं.

ही बापाची शिकवण. बाप केंटकीच्या डोंगरात विहिरी खणायचा. नव्या विहिरीचा पहिला घोट तोंडात धरून तो सांगे, "वरच्या अंगाला गोठा आहे," किंवा "ह्यात मांजर पडलं होतं, चारेक वर्षं झाली असतील." लोक शोध घेत आणि मांजराचं खरं निघे. त्याचं गेल्या महिन्यातलं पत्र टॅकेटच्या खिशात होतं. 'तुझी जीभ माझ्याहून तयार आहे. परत आलास की धंद्याच्या पाटीवर तुझंही नाव घालतो.' टॅकेटला युद्ध जिंकण्यात फारसा रस नव्हता. त्याला त्या पाटीवर नाव हवं होतं.

शत्रूच्या बेटाभोवती दिवस ठरावीक जात. रेडिओवर किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यातलं कुणी तरी म्हणे, "दोनशे उजवीकडे, शंभर वर." जहाज अंगभर हादरे, बेटावर धूळ उठे आणि तोच आवाज म्हणे, "झकास! तसंच चालू द्या." दुपारी दारूगोळा चढे, तिसऱ्या दिवशी तेल, रविवारी प्रार्थना आणि वाटाणे. असे नऊ दिवस माणसं मारून झाल्यावर दहाव्या दिवशी जहाज उत्तर टोकाला, उंच कड्याखाली नेलं.

त्या कड्यावरून तीन दिवस माणसं उड्या मारत होती. सैनिक नव्हेत, उसाच्या मळ्यातली माणसं. म्हातारे, बायका, पाठीला पोर बांधलेल्या आया. उतरलेल्या परक्या सैन्याच्या हाती लागण्यापेक्षा हे बरं, असं त्यांना पटवून दिलेलं होतं. समुद्र त्यांनी भरला होता. डेकवरची पोरं लांब आकड्यांनी प्रेतं जहाजापासून ढकलत होती आणि ती आपली लाटेबरोबर परत येत होती, पाहुण्यांना निरोप दिला तरी ते दारातच घुटमळावेत तशी. वारा फिरला की जेवणाची रांग अर्धी होई. जे उरत ते नाक दाबून दुप्पट वाढून घेत. माणूस काय चीज आहे, हे त्या रांगेत कळत होतं.

पाणी आत येतं तिथल्या जाळीचा डबा टॅकेटने त्या सकाळी उघडला. जाळी केसांनी गच्च भरली होती. काळे, लांब, हातभर. तो ते मुठीमुठीने उपसत राहिला. त्यांत कापडाची एक चिंधी होती आणि दात पडलेली लाकडी फणी.

मागे चीफ ब्रूबेकर उभा होता. इंजिनखोलीचा कारभार त्याचा.

"चीफ, किनाऱ्यापासून दहा मैलांच्या आत पाणी करायचं नाही, असा नियम आहे."

"मला पाठ आहे. नियम लिहिणाऱ्याच्या टेबलावर गार पाण्याचा तांब्या होता. वर बेटावर आपली पोरं अडकलीत आणि त्यांना आधार देणारं जहाज आज हे एकच. दहा मैल जाऊन पाणी करून येऊ, तोवर तिथे कोण उरणार?"

"पण हे..."

"वाफ आहे रे! वाफेला काय चिकटतं?"

त्या यंत्रात हवेचा दाब कमी ठेवतात म्हणून पाणी निम्म्या उष्णतेवरच उकळतं आणि तेवढ्यात सगळंच मरत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

नळीत थेंब पडले. पाणी काचेसारखं स्वच्छ. टॅकेटने घोट तोंडात धरला. एक... दोन... मीठ नव्हतं. तेल नव्हतं. कुजका वासही नव्हता, आणि तरी चारावर त्याच्या अंगावर काटा आला. पाणी कोमट होतं, किंचित बुळबुळीत. कुणी तरी ते आधी तोंडात घेतलं होतं, घोळवलं होतं, आणि मग परत सोडलं होतं. टॅकेटच्या भाषेत ह्या चवीला शब्द नव्हता. आपल्याकडे आहे.

तो थुंकला आणि भडभडून ओकला. चूळ भरायला जवळ पाणी होतं ते तेच.

"काय ते सांग," चीफ म्हणाला. "नाही म्हणालास तर मी आत्ता कॅप्टनला कळवतो, जहाज हलतं. तुझ्या जिभेवर आहे."

वर तोफ उडाली. टॅकेटने तोंड बाहीला पुसलं.

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि कप घेऊन हराबेककडे गेला.

आजारी कुणीच पडलं नाही. फक्त पाणी पुरेना. टाकी भरायची आणि कुणी न पिताच उतरायची. चीफने नळ तपासले, सांधे तपासले, मग माणसांवर घसरला. "कोण अंघोळ करतंय? सांगा! वासावरून तर कुणीच वाटत नाही." टाकीला कान लावला तर आतून बारीक आवाज येई. टॅकेटने एकदा लावला होता. पुन्हा लावला नाही.

तिसऱ्या दिवशी एका होडीतून जखमी आले. त्यात ऑटिस रीगर नावाचा पायदळातला पोरगा होता, पोटाला पट्ट्या गुंडाळलेला. सर्जनने त्याला हवं तेवढं पाणी द्या म्हणून सांगितलं, म्हणजे आशा सोडली होती. टॅकेट कप घेऊन गेला.

रीगरने एक घोट घेतला आणि थांबला.

"ह्यातलं... कुणी तरी प्यालंय."

"नाही. ताजं आहे."

"खोटं बोलू नकोस." तो छताकडे बघत राहिला. "आम्ही एका गुहेच्या तोंडाशी बसलो होतो. दोन दिवस. आत बायका होत्या, पोरं होती. मिझू, मिझू म्हणायचे. दुभाष्या म्हणाला, पाणी मागतायत... आमच्याकडे डबा होता. भरलेला."

"मग?"

"एकाने तो गुहेसमोर उभा राहून ओतला. मातीत. सावकाश, त्यांना दिसेल असा. आम्ही हसलो." त्याने ओठ चाटले. "मीपण."

रीगरने कप तोंडाला लावला आणि तळापर्यंत प्यायला.

"आम्ही त्यांना घोटभर दिलं नाही," तो म्हणाला. "त्यांनी आमच्यासाठी उरवलं तरी."

तासाभराने तो गेला. बेट पडायला आणखी चार दिवस लागले. पदकं आली, बिअरही आली, माणशी दोन बाटल्या, त्याही गरम.

मागच्या नाविक तळावर पोचल्यावर टाकी रिकामी केली आणि टॅकेट ब्रश आणि दिवा घेऊन आत उतरला. आतून भिंतींना सिमेंटचा हात दिलेला असतो, खरखरीत. आता तो खरखरीत नव्हता. भिंतीवर तळव्याएवढे गुळगुळीत डाग होते, शेजारी शेजारी, दाटीने. गुरं मिठाचा खडा चाटून झिजवतात, तसे. बहुतेक टॅकेटच्या छातीच्या उंचीला होते. त्याखाली, गुडघ्याच्या उंचीला, लहान डागांची दुसरी रांग होती. सगळे अजून ओले होते.

चीफने वरच्या झाकणातून डोकं घातलं. डाग पाहिले.

"गंज आहे," तो म्हणाला.

"चीफ, हे सिमेंट..."

"सांगितलं ना, गंज आहे. लिंपून टाक."

टॅकेटने लिंपून टाकलं.

युद्ध संपलं. पुढल्या वसंतात तो घरी पोचला तेव्हा पाटी तयार होती: 'टॅकेट आणि मुलगा, विहिरी.' रंग ओला होता. पहिलं काम एका विधवेच्या परसात मिळालं. चाळीस फुटांवर पाणी लागलं, भर दुपारी. डेल्मर तळाशी उभा होता, वर नाण्याएवढं आभाळ. पाणी भराभर पोटरीपर्यंत चढलं. त्याने पहिली बादली भरली आणि दोर हलवला. बादली वर गेली.

बापाने घोट घेतला असणार. डेल्मर खाली मोजत होता. सात... आठ...

वरून थुंकल्याचा आवाज आला. मग नाण्यात बापाचं डोकं दिसलं.

"डेल्मर, खाली तुझ्याबरोबर कोण आहे?"

"कुणी नाही, पा."

"मग माझ्या आधी कोण प्यालं?"

डेल्मर पायांकडे पाहत होता. पोटरीपर्यंत आलेलं पाणी उतरायला लागलं होतं. एकसारखं नव्हे. थांबून, पुन्हा थांबून, घोटाघोटाने.